दादाची प्लेट

नीट ऐका आणि मध्ये बोलू नका. हे सांगताना माझं डोकं अजून फिरतं, आणि मध्येच कुणी "जाऊ दे गं" म्हणालं की जास्तच फिरतं.

मला सगळे कात्री म्हणतात. जिभेमुळे, असं माझी वहिनी म्हणते. खरं कारण वेगळं आहे. सोमवार ते शनिवार मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. मेणात दात बसवायचे, साचा ओतायचा, घासायचा, चकचकीत करायचा. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी जंगल वाजवायचे. जंगल हे संगीताचं नाव आहे, झाड एकही नाही त्यात. जुन्या गाण्यांत एक जागा येते, तिथे बाकीचे सगळे वादक गप्प होतात आणि ड्रमवाला एकटाच चार-सहा सेकंद वाजवतो. त्याला ब्रेक म्हणतात. तो ब्रेक उचलायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, उलटसुलट जोडायचे आणि वेग इतका वाढवायचा की माणसाच्या हाताला ते जमूच नये. खाली मात्र बास सोडायचा अगदी सावकाश, कानांपेक्षा बरगड्यांना जास्त ऐकू येणारा. वर नुसती पळापळ, खाली निवांत. नाचणाऱ्याने ठरवायचं, पायांनी कुणाचं ऐकायचं.

ते तुकडे करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, म्हणून मी कात्री. आणि माझा जोडीदार बोका. सतरा वर्षं आम्ही एका टेबलावर वाजवलं, एक तबकडी माझी, एक त्याची. त्याचं तबकड्यांचं दुकान आहे. चेहरा इतका गरीब, की दुधाच्या पातेल्याजवळ बसवला तरी तोंड लावणार नाही असं वाटावं. म्हणून गंमत म्हणून नाव ठेवलं बोका. मीच ठेवलं. त्या वेळी फार हसलो होतो आम्ही.

आता दादाचं सांगते. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. सव्वीस वर्षं त्याने बॅंडमध्ये ड्रम वाजवला. हॉटेलात, लग्नांत, कंपन्यांच्या वार्षिक कार्यक्रमांत, बोलावतील तिथे. माझ्या हातात पहिल्यांदा काठ्या त्याने दिल्या, आणि दहा मिनिटांत काढूनही घेतल्या. "तुला वाजवायचं नाहीये, तुला मोडायचंय," म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि जीभ जड झाली. दादा बोलला की अजूनही प्रत्येक शब्द जिना चढून आल्यासारखा धापा टाकत येतो. वहिनी त्याला आंघोळ घालते, जेवायला घालते आणि त्याच्याशी भांडतेसुद्धा, म्हणजे त्याला बरं वाटतं.

सव्वीस वर्षांत दादाचं स्वतःचं असं रेकॉर्डिंग एकही नाही. बॅंडच्या टेपा ढीगभर आहेत, पण सगळीकडे ड्रमवर कुणी ना कुणी गातंय, नाहीतर पिपाणी फुंकतंय. एकदा वहिनीचं कपाट आवरताना एक टेप सापडली. कार्यक्रमाआधी आवाज तपासतात ना, तेव्हाची. बाकी कुणी आलेलंच नव्हतं. दादा एकटा, अकरा सेकंद. काय वाजवलंय! आणि मध्येच त्याच्या हातातली काठी निसटते. जरा वेळ शांत. त्या शांततेत दादाचा आवाज येतो, स्वच्छ, हसरा: "हात्तिच्या!" आणि दुसरी काठी घेऊन तो नेमक्या ठोक्यावर परत येतो.

ते ऐकून वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. दादा धड बोलत होता तेव्हाचा तेवढा एकच शब्द आमच्याकडे होता.

त्या अकरा सेकंदांचं मी गाणं केलं. तीन महिने रोज संध्याकाळी. तुकडे तुकडे केले, पण तो थांबा आणि तो शब्द जसाच्या तसा ठेवला. सगळं गाणं त्या थांब्याकडे धावत येतं, थांबतं, "हात्तिच्या!" आणि मग खालून बास असा उठतो की उभा माणूस बसावा. दादाला ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "ती... चूक... काढ." मी म्हटलं, काढणार नाही, तीच तर मजा आहे. डाव्या हाताने त्याने मला टपली मारली.

आणि आता माझा गाढवपणा. तो लपवून सांगण्यात अर्थ नाही.

आमच्यात प्लेट कापायची रीत आहे. प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेचा थर. प्लेट कापणाऱ्या म्हाताऱ्याकडे आपली टेप न्यायची, तो त्याच्या यंत्रावर सुईने त्या लाखेत गाणं कोरून देतो. एकच प्रत. जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून तर तिला मान. पण लाख मऊ. दर वेळी सुई फिरली की थोडी खरवडली जाते. "पन्नास वेळा," म्हातारा प्रत्येकाला बजावतो, "पुढे नुसती खरखर. आणि आधी बारीक आवाज जातात, ठोके मागून." बोका आणि मी यात आणखी कडक. आमचा सतरा वर्षांचा नियम होता, की प्लेट कापली की मूळ टेप पुसायची. टेप राहिली तर एकच प्रत कसली? अशा अठरा टेपा आम्ही पुसल्या होत्या. ही एकोणिसावी.

"ही ठेवू या का?" मी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं.

"नियम म्हणजे नियम," बोका म्हणाला. "आणि प्लेट पहिल्यांदा वाजते तेव्हा ती सगळ्यात स्वच्छ असते. आपण टेबलावरून चांगल्या टेपवर उतरवून घेऊ. लोकांच्या टाळ्यांसकट दादाला देऊ. कपाटातली टेप बरी, की ती?"

मला ते पटलं. दादालाही पटलं, तो म्हणाला, "पूस." पुसली मीच, माझ्या या हातांनी, गाणं आणि त्याच टेपवरचे मूळ अकरा सेकंदही. आणि दादाला शब्द दिला, की तू समोर बसलेला असशील तेव्हाच ही प्लेट पहिल्यांदा वाजेल. त्याआधी सुई लावणार नाही. पण दादाला तेव्हा गाडीत चढताही येत नव्हतं. म्हणून आम्ही चार महिने थांबलो. दादा रोज भिंतीला धरून चालायचा आणि वहिनीला विचारायचा, "आता... नेशील?"

चार महिने प्लेट होती बोक्याकडे. माझं घर वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दुपारी तिथे मेणसुद्धा धरत नाही, लाख कुठली टिकायला? त्याच्या दुकानात मागे थंड खोली आहे. "निवांत राहा," म्हणाला, "डोळ्यांत तेल घालून जपेन." मी निवांत राहिले.

तो रविवार. आमचा कार्यक्रम तीन ते सात असतो, एका जुन्या गालिच्यांच्या गोदामात. भर दुपारी, कारण आमची पिढी आता चाळिशीची झाली. गुडघे बोलतात आणि सोमवारी कामावर जायचं असतं. पण नवी पोरंपोरीही येतात, बसने दुसऱ्या गावांहून येतात. वरच्या काचांतून ऊन तिरकं आत येतं आणि त्यात गालिच्यांची जुनी धूळ नाचते. टेबलाखाली आम्ही फरशीचे दोन जाड तुकडे ठेवतो आणि त्यांच्याखाली टेनिसचे अर्धे कापलेले चेंडू, म्हणजे बासच्या धक्क्याने सुई उडत नाही. वहिनीने दादाला इस्त्रीचा निळा सदरा घातला होता. त्याची खुर्ची अगदी समोर लावली, कानांत कापसाचे बोळे दिले. ते त्याने लगेच काढून खिशात टाकले.

सव्वातीनला आम्ही सुरू केलं, आणि काय सांगू, सूर लागतो तसा तो दिवस लागलाच होता. काही दिवस लागतात, काही नाही लागत. बोक्याने पहिली सोडली, मी तिच्या पोटात माझी घुसवली. दोन्हींचे ठोके एकमेकांच्या फटीत असे बसले, की ऐकणाऱ्याला कळू नये एक कुठे संपली. चौथ्या तबकडीला मागच्या रांगेतले भिंतीला टेकलेलेही सुटून पुढे आले. सहाव्याला लोकांनी शिट्ट्या मारून भिंतीवर थापा मारायला सुरुवात केली. याचा अर्थ, परत! आमच्यात लोकांनी परत मागितलं की द्यावंच लागतं. सुई तशीच ठेवून तबकडी हाताने थांबवायची, गर्रकन उलटी फिरवायची आणि पहिल्यापासून सोडायची. ती उलटी ओढली जाताना जो किंचाळल्यासारखा आवाज येतो ना, त्यावर लोक वेडे होतात. आमचा माइकवाला भोंगा घसा फाटेस्तोवर ओरडत होता. माझा सदरा पाठीला चिकटला होता. एक बाई चप्पल हातात घेऊन नाचत होती. आणि समोर दादा. डावा पाय बासवर, डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर ड्रमबरोबर. वर पळापळ, खाली निवांत, दोन्ही एकाच माणसात. मी बोक्याकडे बघून हसले, तोही हसला. सतरा वर्षांत इतकी खूष मी क्वचितच झाले असेन.

साडेचारला बोक्याने त्याची लावली आणि मला खूण केली. आता दादाची.

मी पाकिटातून प्लेट काढली, ठेवली, एका कानाला हेडफोन लावून सुई टेकवली. लोकांना ऐकू येत नाही तेव्हा. आपण फक्त सुरुवात शोधून ठेवतो.

खरखर.

मला वाटलं सुईला धूळ लागली. सुई पुसली, परत टेकवली. खरखर. नव्या कोऱ्या प्लेटची सुरुवात काचेसारखी असते हो. ही, पन्नास जणांनी एकाच पायरीवर पाय पुसावेत, तशी झिजली होती. सुई पुढे नेली, थांब्याशी. ठोके आले. ठोके थांबले. आणि "हात्तिच्या"च्या जागी तळणीत काहीतरी तडतडतंय एवढंच. कान दाबून ऐकलं तर त्यात कुठेतरी दादा होता, तोंडावर उशी दाबल्यासारखा.

मी प्लेटच्या काठावरून बोट फिरवलं. काठाला खाचा होत्या. बारीक, एकाशेजारी एक. बोका अंगठ्यात जाड पोलादी अंगठी घालतो. तबकडी उलटी ओढताना ती काठाला घासते. शंभरदा सांगितलं असेल, काढ ती, काढ ती. म्हणजे नुसती वाजवली नव्हती. परत, परत, परत मागितली होती कुणीतरी, आणि यानं दिली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "ही वाजवलीस?"

"काय?"

"वाजवलीस का?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बटणांकडे बघत राहिला. "दोन-तीनदा. सहज. कशी वाजते बघायला."

"दोन-तीनदा? काठ बघ हा!"

"अगं, बाहेरगावी मला एकट्याला बोलावतात, तू येत नाहीस. काहीतरी खास न्यायला नको? लोक वेडे झाले. दादाचंच नाव होणार ना शेवटी?" आणि मग, छातीवर हात ठेवून, "नियम मात्र मी मोडला नाही. कुणालाही कॉपी दिली नाही."

ऐकलंत? चोर तो चोर, वर शिरजोर. कॉपी दिली नाही म्हणे!

त्याच्या तबकडीचं मिनिटभर उरलं होतं. समोर दादाने माझ्या हातात प्लेट बघितली आणि तो खुर्चीत ताठ बसला. डावा हात वर करून त्याने मला खुणावलं, लाव. चार महिने भिंत धरून चालला होता तो या मिनिटासाठी. मी काय करणार होते? "दादा, आज नको" म्हणून सांगणार होते? टेबलाखाली चांगली टेप फिरत होतीच. मी सुई सोडली.

नव्या प्लेटला आमच्यात माइक बंद असतो. लोक गप्प उभे राहून पहिल्यांदा ऐकतात, मग ओरडतात. भोंगा माइक खाली करून उभा राहिला. पण लोक गप्प राहिले नाहीत. दुसऱ्याच ठोक्याला पुढच्या पोरांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात मारले, हीच ती, हीच ती! थांबा जवळ यायला लागला तसे हात वर जायला लागले. सगळे हात, माझ्या दादाचा थांबा यायच्या आधीच. जे गाणं कुणी कधी ऐकलं नव्हतं, त्याचा थांबा त्या पोरांना पाठ होता. ठोके थांबले. आणि त्या शांततेत, जिथे दादा बोलतो, अख्खं गोदाम एका आवाजात ओरडलं,

"बो-का!"

मग बास उठला. भिंतीवर थापा, शिट्ट्या, परत, परत! आणि बोक्याने काय करावं? हात वर केला. मानून घेतलं! आणि दुसरा हात, तो अंगठीवाला, प्लेट उलटी ओढायला पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं. कवळ्या घासणारीची पकड आहे माझी. "हात लावलास तर बोट मोडीन," म्हटलं. त्याने हात मागे घेतला, पण लोकांकडे बघून असा हसला, की जणू आमची काही थट्टा चाललीय.

गाणं संपलं. मी भोंग्याच्या हातून माइक हिसकला. "हे हात माझ्या दादाचे..." एवढंच बोलले, तेवढ्यात बोक्याने पुढची सोडली, बास पूर्ण उघडून. माझं वाक्य बुडालं. लोक नाचायला लागले. केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी जन्मभर ऐकत आले होते. त्या दिवशी कळलं, की कापणारा मानेवरून हात फिरवत कापतो.

मी प्लेट उचलली आणि टेबल सोडून खाली उतरले. सतरा वर्षांत मधेच टेबल कधी सोडलं नव्हतं.

दादाला वहिनीने मागच्या खोलीत नेलं होतं, जिथे गालिच्यांच्या रिकाम्या नळकांड्या रचून ठेवल्यात. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आधी... वाजवलीस," म्हणाला.

"मी नाही, दादा."

"थांबा... पाठ... त्यांना." त्याच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ आली. वहिनीने पुसायला हात पुढे केला, तर त्याने झटकला. "शब्द... दिलेलास."

"अरे, मी नाही! यानं! याच्या ताब्यात होती ती!" मी लहानपणी ओरडायचे तशी ओरडले. पाय आपटायचे तेवढे राहिले होते.

तेवढ्यात बोका आला, टॉवेलने मान पुसत. पुढची तबकडी लांबलचक लावून आला असणार. मी त्याच्याकडे बघितलं. एवढं झालं तरी मला वाटत होतं, की हा आता सांगेल. माझ्याशी खोटं बोलला, लोकांशी बोलला, पण दादाच्या तोंडावर नाही बोलणार. याच्या लग्नात दादाने फुकट वाजवलं होतं. एक वाक्य हवं होतं मला, बस.

बोका दादाच्या खुर्चीशी उकिडवा बसला, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रागावू नका, दादा. इतकं भारी झालं होतं, की राहवलंच नाही आम्हाला."

आम्हाला.

वहिनी माझ्याकडे बघायला लागली, आणि ते बघणं मी अजून विसरलेले नाही. तिला पटलं होतं. का नाही पटणार? सतरा वर्षं आम्ही दोघांनी सगळं मिळूनच तर केलं होतं.

दादाने डावा हात माझ्यापुढे केला. मी प्लेट दिली. ती त्याने मांडीवर ठेवली आणि काठावरून अंगठा फिरवू लागला. ड्रमवाल्याची बोटं ती, कातडं कुठे ढिलं पडलंय ते न बघता सांगायची. फिरत फिरत अंगठा खाचांवर आला आणि थांबला. पुढे गेला, परत मागे आला. मग त्याने बोक्यापुढे हात केला. बोक्याला वाटलं, माफ केलं. त्याने लगेच आपला हात त्याच्या हातात दिला. दादाने तो उलटा केला, त्याची अंगठी काठावर टेकवली आणि एका खाचेत दाबली. बसली, माझ्या साच्यात दात बसतो तशी.

बाहेर बास चालू होता, नळकांड्या थरथरत होत्या. दादा बोक्याचा तळहात निरखत राहिला, एक-एक बोट उघडून.

"तुझे हात..." म्हणाला, आणि जिभेला जमेपर्यंत थांबला, "चांगले आहेत की."

बोक्याने हात सोडवून घेतला. "तुम्ही दोघं उगाच वाढवताय," असं काहीतरी पुटपुटला आणि तबकडी संपत आली म्हणून धावत गेला. त्याला जाता आलं, कारण तबकडी खरंच संपत आली होती. वहिनी म्हणाली, "या माणसाला मी दर वेळी दोन-दोनदा चहा करून दिला." आणि मग माझ्याकडे न बघताच तिने माझा हात धरला.

त्या दिवसानंतर मी त्या टेबलावर उभी राहिले नाही. बोका वाजवतो अजून. परवा भोंग्याकडून निरोप पाठवला त्याने, की झालं गेलं विसर, त्या दिवसाच्या टेपवरून नवी प्लेट कापून घेऊ, सगळा खर्च मी करतो. मी भोंग्याला म्हटलं, त्याला सांग, टेप आधी ऐक.

कारण टेप आहे. ठरल्याप्रमाणे चांगल्या टेपवर, लोकांच्या आवाजासकट, भोंग्यानेच आणून दिली. दादाकडे आता तेवढंच आहे. प्लेट मी दोनदा लावून पाहिली, थांब्याशी दादा येतच नाही. टेपवर ठोके आहेत, खरखर आहे, आणि जिथे माझा भाऊ हसून बोलायचा, तिथे शेकडो लोक दुसऱ्याचं नाव ओरडतात.

रविवारी दुपारी आता मी दादाकडे जाते. तो टेप लावायला सांगतो. पहिल्या रविवारी ते "बो-का" आलं तशी मी बंद करायला उठले. त्याने मला बस म्हणून खुणावलं. खुर्ची टेपच्या जवळ ओढून घेतली आणि आवाजाच्या बटणावर डावा हात ठेवला. पुढच्या रविवारी त्याला बरोबर जमलं. आता कधीच चुकत नाही. गाणं धावत येतं, ठोके थांबतात, तो बटण शून्यावर नेतो. खोलीत काही ऐकू येत नाही. आणि त्या जागेत, जड जिभेने, पण अगदी ठोक्यावर, दादा स्वतः म्हणतो,

"हात्तिच्या."

आणि बटण परत वर करतो.